शिक्षकाची रिकामी खुर्ची मोबाइल भरणार नाही

शिक्षणावरचा परिसंवाद असो, मंत्र्यांचं भाषण असो की ॲप विकणाऱ्या कंपनीची जाहिरात, हल्ली सगळीकडे एकच युक्तिवाद ऐकू येतो. स्मार्टफोन गावोगाव पोहोचला, डेटा स्वस्त झाला, तेव्हा चांगलं शिक्षण घ्यायला आता अडचण कसली? गडचिरोलीतल्या मुलाला पुण्यातल्या उत्तम शिक्षकाचा तास हातातल्या फोनवर बघता येतो. उरलंसुरलं कृत्रिम बुद्धिमत्ता बघून घेईल. ती प्रत्येक मुलाची पातळी ओळखते, कंटाळत नाही, ओरडत नाही, रात्री अकरा वाजताही शंका सोडवते. मग डोंगरातल्या पाड्यावर चौदा पोरांसाठी दोन शिक्षक कशाला ठेवायचे? हा शेवटचा प्रश्न मोठ्यानं कोणी विचारत नाही. पण सगळा युक्तिवाद त्याच दिशेनं चाललेला असतो.

हसून सोडून द्यावा असा हा युक्तिवाद नाही. त्यात बरंच तथ्य आहे, आणि त्या तथ्याचा हात धरूनच तो चुकीच्या निष्कर्षापर्यंत जातो. म्हणून त्यातला एकेक दावा सुटा करून तपासायला हवा.

पहिला दावा असा की फोन पोहोचला म्हणजे दरी मिटली. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं होणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२४ मध्ये तो ८४ टक्के घरांत होता. सहा वर्षांत दुपटीहून जास्त वाढ. याच पाहण्यांत मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना तो वाचता आला होता, २०२४ मध्ये ४८.८ टक्के मुलांना. मधे कोविड येऊन गेला, २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरलं होतं आणि तिथून ते सावरलं, हे खरंच आहे. फोनमुळे वाचन बिघडलं, असं या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. पण फोन वाढले की शिक्षण वाढतं, असं म्हणायलाही हे आकडे जागा देत नाहीत. आणि २०२२ नंतरच्या त्या दोन वर्षांत नेमकं काय झालं होतं? शाळांची दारं उघडली होती, शिक्षक पुन्हा मुलांसमोर उभे होते आणि पायाभूत वाचन-गणितावर जोर दिला गेला होता.

शिवाय घरात फोन असणं वेगळं आणि तो मुलांच्या अभ्यासाला मिळणं वेगळं. ‘असर २०२४’ मध्ये चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना विचारलं, गेल्या आठवड्यात फोनवर काय केलं? अभ्यासाशी संबंधित काहीतरी केलं, असं सांगणारे ५७ टक्के निघाले आणि समाजमाध्यमांवर गेलेले ७६ टक्के. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्के. घरातला एकुलता फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्यावर पहिला हक्क भावाचा असतो. ताईचा नंबर भांडी घासून झाल्यावर. शाळेत निदान मुलगा आणि मुलगी एकाच वेळी, एकाच फळ्यासमोर बसतात. ही समानता कुठल्याच ॲपला अजून घरात आणता आलेली नाही.

दुसरा दावा आशयाबद्दलचा आहे: फोनवरचा धडा साध्या शिक्षकाच्या धड्यापेक्षा सरस असतो. इथे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं उदाहरण हमखास पुढे येतं. माढा तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, व्हिडिओ दिसे, गोष्ट उघडे. पुढे राज्यानं ही कल्पना उचलली, पाठ्यपुस्तकांवर कोड छापले जाऊ लागले, आणि २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. आता या कथेचा नायक कोण? आपल्या वर्गातल्या मुलांना काय अडतं ते ओळखून त्यांच्यासाठी आशय तयार करणारा, तो वर्गात वापरून बघणारा एक शिक्षक. राज्यानं कोड लाखो पुस्तकांवर छापला, कारण छापखान्यात तो छापता येतो. त्या कोडमागचा शिक्षक छापून निघत नाही. त्याची नेमणूक करावी लागते, त्याला वेळ द्यावा लागतो, त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. पुरस्काराचं नावच ‘शिक्षक पुरस्कार’ होतं, हे मोबाइलचे कैवारी सोयीनं विसरतात.

उत्तम आशय म्हणजेच शिक्षण, या समजुतीचा सर्वांत महागडा प्रयोगही आपण नुकताच पाहिला. २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायजूज’ या ऑनलाइन शिकवणी कंपनीचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरवर गेलं होतं. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर तिचं नाव झळकत होतं. व्हिडिओ देखणे होते, त्यातली चित्रं-आकृत्या कुणालाही आवडाव्यात अशा होत्या. जुलै २०२४ मध्ये थकलेल्या पैशांसाठी क्रिकेट नियामक मंडळानंच दाद मागितली आणि कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. एका कंपनीच्या गैरव्यवस्थापनावरून सगळ्या तंत्रज्ञानाला दोषी ठरवणं अन्यायाचं होईल. पण एक प्रश्न विचारायलाच हवा. इतका पैसा आणि इतके देखणे धडे असताना ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा का वाचता येईना? कारण देखणा धडा पाहायला आधी शिकण्याची सवय लागते, आणि ती सवय व्हिडिओतून येत नाही.

यंत्र आलं की शाळा बदलेल, असं आपण याआधीही म्हटलं आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात अमेरिकी उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या २,४०० गावांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचली. वर्षभरानं उपग्रह गेला आणि प्रयोग संपला. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना संगणक दिले गेले. २०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेट आला. जगातही हेच. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या मोहिमेत पेरू देशानं ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटले. तीनशेहून अधिक शाळांत रीतसर तुलना करून संशोधकांनी पाहिलं, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. दर वेळी यंत्र नवं होतं आणि चूक जुनीच: यंत्र पोहोचवण्याचा खर्च अंदाजपत्रकात असतो, ते वापरून शिकवणाऱ्या माणसाचा नसतो.

यावर हमखास उत्तर येतं की ते जुनं झालं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, दूरचित्रवाणी उत्तर देत नव्हती, ही देते. हा तिसरा दावा, आणि तिघांत सर्वांत वजनदार. म्हणून त्याच्या बाजूचा पुरावा आधी मांडतो. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणक प्रणालीचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. प्रणाली प्रत्येकाला त्याच्या पातळीचे प्रश्न देत होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलांनी ठळक प्रगती केली. म्हणजे पातळी ओळखून शिकवणारं यंत्र उपयोगी पडतं, यात वाद नाही.

पण तो प्रयोग कसा चालला होता, तेही बघा. मुलं घरी पलंगावर लोळत फोन बघत नव्हती. ती शाळा सुटल्यावर एका केंद्रात जात. तिथे आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास. त्यातला निम्मा वेळ संगणकासमोर आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात शिकवणाऱ्या माणसासमोर. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, हजेरी, सोबतीला मुलं आणि एक मोठं माणूस. याला आपण काय म्हणतो? शाळाच. त्या चांगल्या निकालाचं श्रेय एकट्या सॉफ्टवेअरला देऊन तेच सॉफ्टवेअर घरच्या फोनवर टाकलं, तर निकाल तसाच येईल असं मानायला काही आधार नाही. पातळीनुसार गट पाडून शिकवण्याचं काम तर ‘प्रथम’नं चटई, अक्षरतक्ते आणि स्वयंसेवक यांच्या बळावर वर्षानुवर्षं केलं आहे. पातळी ओळखणं हा मुद्दा आहे. ती यंत्रानं ओळखावी की ताईंनी, हा नंतरचा प्रश्न.

आता दुसरा पुरावा. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. काहींना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ वर चालणारा साधा चॅटबॉट दिला, काहींना शिक्षकांच्या सल्ल्यानं इशारे देणारा पण उत्तर न सांगणारा चॅटबॉट दिला, काहींना काहीच दिलं नाही. सराव करताना साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, इशारे देणाऱ्या चॅटबॉटवाल्यांचे १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेतला आणि परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्यांचं हे नुकसान बहुतांश टळलं, पण सरावात दिसलेली ती झेप परीक्षेत दिसली नाही. गणित यंत्रानं सोडवलं होतं आणि मुलांना वाटत होतं आपल्याला आलं. ‘शंका सोडवणारं यंत्र’ आणि ‘शिकवणारं यंत्र’ यांत केवढं अंतर आहे, ते इथे दिसतं. आठवीतल्या मुलाच्या हातात आज यांपैकी कोणता चॅटबॉट आहे? अर्थातच पहिला. तो फुकट मिळतो.

महाराष्ट्रात याला भाषेचाही पदर आहे. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, धडगावातलं पावरी, भामरागडातलं माडिया. खानदेशात अहिराणी, तळकोकणात मालवणी. यंत्र जी मराठी शिकलं ती मुख्यतः लिहिलेली, शहरी, प्रमाण मराठी. पहिलीतल्या पोरानं घरचा शब्द वापरला तर चांगली शिक्षिका तो शब्द उचलते आणि त्याच्यावरून पुस्तकातल्या शब्दाकडे नेते. त्यासाठी तिला त्या घरचा, त्या पाड्याचा परिचय असावा लागतो. हे काम यंत्राला कधीच जमणार नाही, अशी पैज मी लावणार नाही. पण ज्या मुलांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांचीच भाषा यंत्राला सर्वांत कमी कळते. तेव्हा दरी मिटवण्याचं श्रेय त्याला आगाऊ देऊ नये.

मग मोबाइलनं काहीच साधलं नाही का? साधलं, आणि ते फार बोलकं आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्सवाना देशात साडेचार हजार घरांबरोबर एक प्रयोग झाला. काही पालकांना दर आठवड्याला गणिताचे लघुसंदेश पाठवले. काहींना लघुसंदेशांबरोबर वीसेक मिनिटांचा फोन केला. संस्थेचे कार्यकर्ते मुलाशी आणि पालकाशी बोलत, एखादं गणित सोडवून घेत. नुसत्या संदेशांचा फारसा उपयोग झाला नाही. फोनवरच्या बोलण्यानं मुलांचं गणित सुधारलं. पुढे भारत, नेपाळ, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडात याच पद्धतीच्या चाचण्या झाल्या, तिथेही फायदा दिसला. आणि जिथे सरकारी शिक्षकांनी फोन केले, तिथे तेही संस्थांच्या कार्यकर्त्यांइतकेच प्रभावी ठरले. यासाठी साधा बटणांचा फोन पुरतो. मोबाइलवरच्या शिक्षणाचा इतका भक्कम पुरावा ज्या गोष्टीला आहे, ती म्हणजे एका शिक्षकानं मुलाला केलेला फोन. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

त्याच वर्षी सोलापुरातल्या नीलमनगरमध्ये, यंत्रमाग आणि शिलाई कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता किंवा त्यात टाकायला पैसे नव्हते. मुलं अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहून वाचू लागली. साधन भिंत होती, पण कुणाच्या घरी फोन नाही हे माहीत असलेला शिक्षक त्या भिंतीमागे होता.

आणि या शिक्षकाच्या हातात आपण आज काय दिलं आहे? मोबाइलच. पण शिकवण्यासाठी नव्हे. सरल, यू-डायस, शालार्थ या सरकारी प्रणालींत भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, या ना त्या उपक्रमाचे फोटो, ‘लिंक तातडीनं भरा’ असे केंद्रप्रमुखांच्या गटावर येणारे संदेश. २०२३ च्या अखेरीस मुलांची रोजची हजेरी चॅटबॉटवर नोंदवण्याचा आदेश आला. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरत बसले की दुसऱ्याकडे चार इयत्ता येतात. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नका म्हणतं. माहिती भरणं हे ‘शैक्षणिक’ काम आहे, अशी समजूत करून घेऊन आपण त्या कलमाला वळसा घातला. तंत्रज्ञानानं शिकवण्याचा वेळ वाढवायचा होता, त्यानं शिक्षकाचा कारकून केला. याबद्दल शिक्षक संघटना वर्षानुवर्षं ओरडत आहेत आणि आपण त्यांना ‘तंत्रज्ञानाला घाबरणारे’ म्हणून मोकळे होतो.

हा प्रश्न नुसत्या वेळेचा नाही. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. त्याच्या बाजूनंही मुद्दे आहेत. तीन मुलांच्या शाळेत मुलाला मित्र मिळत नाहीत, हे खरं. पण ओढ्यापलीकडच्या शाळेत सहा वर्षांची मुलगी रोज कशी जाणार, या प्रश्नाला ‘तोवर ऑनलाइन आहेच’ हे उत्तर उद्या दिलं जाईल, ही भीती निराधार नाही. रिक्त पद भरायला पैसा लागतो, टॅब्लेट वाटायला समारंभ पुरतो. फोन हे पूरक साधन आहे, असं म्हणता म्हणता तो कधी पर्याय बनतो, ते अंदाजपत्रकात दिसत नाही. ते वर्गातल्या रिकाम्या खुर्चीत दिसतं.

दुसरीकडे असेही लोक आहेत ज्यांना यावर एकच उपाय दिसतो: बंदी. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. वैताग समजण्यासारखा आहे, पण ठराव फक्त मुलांवर होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. मुलं अभ्यासाला बसतात. वडगावाची रीत मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिथे गावानं फोनला शिक्षा केली नाही, मुलांसाठी स्वतःचा वेळ काढला. बंदीवाले आणि ॲपवाले यांचं एका बाबतीत एकमत आहे. दोघांनाही वाटतं की सगळा प्रश्न यंत्राचा आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानं याच्या पलीकडचा प्रश्न विचारला होता: हे साधन कुणाच्या अटींवर? महाराष्ट्रात तो प्रश्न आपण अजून धड विचारलेलाच नाही.

अटी काय असाव्यात, हे अवघड नाही. हजेरी, पोषण आहार आणि आकडेवारीच्या नोंदी केंद्र पातळीवरच्या माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्या, शिक्षकाचा फोन त्यातून मोकळा करा. सरकारी पैशानं कोणतंही ॲप किंवा चॅटबॉट घेण्याआधी महाराष्ट्रातल्या मुलांवर त्याची स्वतंत्र चाचणी घ्या आणि ती विनायंत्र परीक्षेच्या निकालासह जाहीर करा. टॅब्लेट घरी वाटण्यापेक्षा शाळेत ठेवा; तिथे मुलीलाही तेवढाच वेळ मिळेल आणि शेजारी विचारायला कोणीतरी असेल. मागे पडलेल्या मुलाच्या घरी शिक्षकानं आठवड्यातून एकदा फोन करणं हे त्याच्या कामाच्या वेळात धरा. आणि मोबाइल आहे म्हणून एकही मंजूर पद रिक्त ठेवलं जाणार नाही, असं लेखी द्या.

यातल्या निम्म्या गोष्टींना नवा पैसाही लागत नाही. ज्यांना लागतो, तो टॅब्लेटच्या निविदेतून काढता येईल.

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपण पालक असाल तर पुढच्या बैठकीत शाळेत किती टॅब्लेट आले हे शेवटी विचारा. आधी विचारा, आपल्या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गुरुजींच्या दिवसातले किती तास माहिती भरण्यात जातात. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.